पुढे ऐंशी, मागे पंच्याऐंशी

शुक्रवार, २ मे

ह्यांच्या सायकलीला आज पहिलं गिऱ्हाईक आलं. केरळचा माणूस. पुढचा टायर दाबला, अंगठा आत. मागचा दाबला, तोही आत. "ट्यूब खराब है," म्हणाला आणि गेला.
इरफान माझ्याकडे बघत राहिला. "अम्मी, परवाच मी हवा भरली होती."
म्हटलं, हवाच ती. गेली असेल फिरायला.
पहाटे मुलगा-सून झोपलेली असताना मीच सोडली. टायरच्या तोंडाची बारीक पिन सैल करायची, बोटाने दाबायची. फुस्स. टोपी परत लावली, हात धुतले, घावन टाकायला घेतले.

रविवार, ४ मे

इथे अरबांच्या मुलखात रविवारी सुट्टी नसते. इरफान सीफला ऑफिसात, सून शबाना तिच्या क्लिनिकात. घरात मी आणि एसी. दोघांत एसीच जास्त बोलतो.
पुढच्या महिन्यात नव्या घरात जायचंय. तिथे बाल्कनी नाही, म्हणून सायकल विकायची. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते मी.
हे थंडीत गेले. इद्दतीचे, नवऱ्यामागे घरात बसायचे, चार महिने दहा दिवस मी बाल्कनीतच काढले, सायकलीशेजारी. ती पण माझ्यासारखीच, घराबाहेर नाही.
हे सलमाबादच्या वर्कशॉपात आयुष्यभर फिटर. एक गोरा साहेब देश सोडून जाताना ही रेसवाली सायकल ह्यांना देऊन गेला. तेव्हापासून शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली की पंप घेऊन बसायचे. पंपावर चिकटपट्टी, त्यावर ह्यांचं अक्षर: पुढे ८०, मागे ८५. गरमीत ५ कमी.
मी म्हणायचे, माझं बीपी किती ते सांगा. माहीत नाही. हिचं बरं तोंडपाठ.
नुसते हसायचे.

शुक्रवार, ९ मे

दुसरं गिऱ्हाईक. देशपांडे, पुण्याचे, अमवाजला राहतात, बँकेत आहेत. पन्नाशीचे असतील. चहा विचारला तर म्हणाले, "अर्धा." म्हटलं, अर्धा कप आमच्यात नाही, पुरा घ्या नाहीतर कप परत द्या.
आज पण दोन्ही चाकं बसलेली. त्यांनी खाली वाकून बघितलं. इरफान आत फोनवर होता. हळूच म्हणाले, "मावशी, पंक्चर दोन्ही चाकांना एकदम होत नाही. झालंच तर टोप्या इतक्या नीट लावून जात नाही."
मी छताकडे बघितलं.
इ. बाहेर आला तर त्याला म्हणाले, "ट्यूब बघावी लागेल. पुढच्या शुक्रवारी येतो."
माणूस बरा आहे. पुण्याचा असून.

मंगळवार, १३ मे

वाईट झालं.
सकाळी वाटलं, ह्यांची सायकल अशी बसलेली बरी नाही दिसत. हॉलमध्ये आणली, एसीत, निवांत भरत बसले. पंपाच्या काट्याकडे बघितलंच नाही. गावाला भावाच्या सायकलीला कुठे काटा होता. अंगठ्याने दाबायचं, दगड लागला की बास. दगड केला आणि बाल्कनीत नेऊन ठेवली.
दुपारी उन्हात मागचा टायर फुटला. शेजारीण धावत बाहेर आली, "गॅस? गॅस?" म्हटलं मफी गॅस, गॅस नाही. मीच केलंय.
टायर बाजूने उसवला सगळा. ह्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला. चिकटपट्टीवर लिहिलं होतं की, गरमीत पाच कमी. रोज वाचते मी ते. रोज वाचते आणि
आज जेवण नको वाटलं.

शुक्रवार, १६ मे

देशपांडे नवीन टायर-ट्यूब घेऊनच आले, इ.ने फोन केला होता. खाली बसून बसवलं. मला पंपाजवळ बसवलं. "तुम्ही भरा, मी काटा बघतो." मागे ऐंशीला थांबवलं, पुढे पंच्याहत्तरला. पुढे कमी का, तर माणसाचं वजन मागच्या चाकावर जास्त.
"पट्टीवर कोणी लिहिलंय?"
"आमच्या मालकांनी."
त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काही केलं नाही तरी आठवड्यात थोडी हवा जातेच, मावशी. आणि नुसती उभी ठेवली तर टायर एकाच जागी दबून चिरतो. हिला चालवायला हवं."
जुन्या टायरला खालच्या अंगाला चिरा होत्या. मी बघितल्या. खोटं नाही बोलले.
इ. म्हणाला, "यल्ला, चल अम्मी, देऊन टाकू."
म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सायकल न्या. पंप देणार नाही. हवा भरायला दर शुक्रवारी इथे यायचं.
इ. लाजला. "अम्मी, असं कोणी विकतं का?"
देशपांडे म्हणाले, "चालेल."
"नाही आलात तर?"
"पुण्याचा आहे. वेळेवर येतो."

शुक्रवार, २३ मे

फजरनंतर मी भरली. पुढे पंच्याहत्तर, मागे ऐंशी. पिनीला हात लागला एकदा. सोडली असती तर अजून एक आठवडा राहिली असती.
घट्ट केली.
देशपांडे घेऊन गेले. वरून बघत होते, वळणाला त्यांनी घंटी वाजवली. हे कधी वाजवत नसत.
बाल्कनीत चाकांचे दोन काळे डाग. पुसले नाहीत.

बुधवार, २८ मे

शबाना म्हणते, बाल्कनी कशी मोकळी वाटते ना.
हो ना.

शुक्रवार, ३० मे

देशपांडे सकाळी सहाला येतो म्हणाले होते. पंप दाराशी काढून ठेवलाय. चहा पुरा कप टाकलाय.
आठवडा झाला, हवा उतरली असेलच. त्यांच्या घरी पंप असणार, एवढं मला कळतं. सातवीपर्यंत शिकलेय.
नव्या घराचा पत्ता अजून दिलेला नाही त्यांना. आधी आज येतात का बघू.
सव्वासहा. चहावर साय आली.
लिफ्टचा आवाज झाला. आपल्या मजल्यावर थांबली की वर गेली, कळलं नाही. दार उघडून बघते.