सिम्पथाइज आणि चाळीस गणपती

१० ऑगस्ट, सकाळ
रोह्याहून निशिगंधाचा फोन. तिची आई वारली. मी एवढंच विचारलं, सुतक किती दिवसांचं? लग्न झालेल्या मुलीला तीनच, हेही मीच सांगितलं. तिला सोपं जावं म्हणून. तिने फोन ठेवला. माझ्या कारखान्यात चाळीस गणपती डोळ्यांवाचून उभे. डोळ्यांची आखणी तीच करते. चतुर्थी सत्तावीसला.

१४ ऑगस्ट
तीन दिवस संपले. निशिगंधा नाही. फोन बंद. माझी नमिता पनवेलहून म्हणाली, आई, जरा सिम्पथाइज करायला शीक. मला शिकवते! बी.ए.ला इंग्रजी होतं माझं.
तरी डिक्शनरी पाहिली. दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होणे. अवघड नाही. उद्या रोह्याला जाऊन अर्धा तास सहभागी होईन. दुपारच्या गाडीने तिला घेऊनच येईन.

१५ ऑगस्ट
निडी स्टेशनपर्यंत वाक्यं पाठ केली. तिच्या घरी पोचून म्हणाले, फार वाईट झालं. मग सगळे गप्प. गप्प बसणं मला जमत नाही. म्हणून म्हणाले, चाळीस राहिलेत. तिची मावशी हौसा कडाडली, बाई, इथं मानूस गेलाय नि तुमी गनपती काय मोजताव?
चहा दिला नाही. दुःखाच्या घरी देत नाहीत. म्हणजे राग नसावा.

१८ ऑगस्ट
मेसेज पाठवला. 'तुझं दुःख समजू शकते. कधी येतेस?' नमिता म्हणाली, दुसरं वाक्य नको होतं. मग मेसेज कशाला करायचा?
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२० ऑगस्ट
मीच आखणार. निशिगंधाच्या गणपतीच्या डोळ्यांत माया असते म्हणतात. माया म्हणजे वरची पापणी जरा खाली. बस.

२१ ऑगस्ट
नऊ गणपती झाले. रंगकाम करणारा पोपट म्हणाला, बाई, समदे तुमच्यासारखे दिसतान. थँक्यू म्हटलं.

२३ ऑगस्ट
गडब गावचे गिऱ्हाईक जनू मूर्ती न्यायला आले. हात जोडून विचारलं, बाप्पा कशापायी रागावलेत? दुसरी दाखवली. तीही रागावलेली. रिकाम्या हाताने गेले.
मी दिवसभर पायरीवर बसून राहिले. जेवले नाही.

२४ ऑगस्ट, सकाळ
तेरावं उरकून निशिगंधा दारात. पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बाई, जेवलाव काय? स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. ब्रश घेतला. आधी माझे नऊ पुसले.

२६ ऑगस्ट
चाळीस पूर्ण. जनू येऊन आपली मूर्ती घेऊन गेले.
तिच्या आईचं नाव विचारायचं राहिलं. उद्या चतुर्थी, गडबड असेल. परवा विचारीन.