पागेतली शेवटची पंगत

३ फेब्रुवारी १९७५

आज पागेवर रुजू झालो. वळसंगला एस.टी.तून उतरलो तर मालक आबासाहेबांनी गाडी पाठवलेली. दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आलेली आणि माझी लग्नाला आलेली पोर तानी सगळी वाट गाडीवानाला काहीबाही विचारत होती. ही पागा संस्थानच्या घोड्यांची, कितीतरी वर्षं पडून होती. आबासाहेबांनी कमानी सांधून घेतल्या, खाली शहाबादी फरशी घातली, मागं चुली बांधल्या आणि तिचं मंगल कार्यालय केलं. घोड्यांच्या दगडी गव्हाणीत आता झेंडू फुललाय. मी इथला व्यवस्थापक. गिरणीतल्या माणसाला एवढं मोठं नाव मिळालं म्हणून तानी दिवसभर मला त्याच नावानं हाक मारत होती. राहायला दोन खोल्या, दारात लिंब. तिची आई, सोना, गेल्यापासून पोरीला अशी हसताना पहिल्यांदाच बघितली.

९ फेब्रुवारी

पहिलं लग्न नीट पार पडलं. मांडवात पाणी कमी पडलं नाही, वऱ्हाडी खूश. इकडं गव्हाची दाट खीर करतात, तिला हुग्गी म्हणतात. तानीनं तीन द्रोण खाल्ले.

इथला राखणदार मडिवाळप्पा पागा मोडकळीला आली होती तेव्हापासून इथंच राहतो. पहिली पंगत बसायच्या आधी त्यानं एक पत्रावळ भरून मागच्या दाराबाहेर ठेवली आणि मागं न बघता परत आला. कुत्र्यासाठी का, विचारलं. नाही म्हणाला आणि पंगतीकडं गेला.

१६ फेब्रुवारी

आज दुपारी लिंबाखाली बसून मडिवाळप्पाला पुन्हा विचारलं. आधी टाळत होता, मग बोलला. दुष्काळात रस्त्याच्या कामावर साथ आली, तेव्हा आजारी माणसं ह्याच पागेत आणून टाकायचे. बरीच इथंच गेली, पोटात अन्न नसताना. जेवणाचा वास आला की ती येतात. बाहेर वाढलं की खाऊन जातात.

“फकस्त नाव घिऊन बोलवायचं न्हाई, साहेब. बोलावलं की आत येतंय. आन जाताना एकटं जात न्हाई. शेजारी बसलेल्याला घिऊन जातंय.”

माझं लक्ष त्यात नव्हतं. कुठल्या रस्त्याचं काम, मी विचारलं. वळसंगचंच, म्हणाला.

सोना त्याच कामावर होती. गावाकडं शेतात काही उरलं नव्हतं. तानीला शाळेसाठी माझ्याकडं सोलापुरात ठेवून ती खडी फोडायला गेली. मला निरोप पोचला तोवर तिला जाळून झालं होतं. कुठं पडली, कुणी पाणी पाजलं का, कुणीच धड सांगितलं नाही.

सगळी दुपार कमानींखाली हिंडत होतो. कुठल्या कमानीखाली असेल? तानीला काही बोललो नाही.

२ मार्च

आज पत्रावळ मी ठेवली. मडिवाळप्पा नको म्हणत होता. ठेवली आणि मागं बघितलं.

सोना होती. भर उन्हात उकिडवी बसून दोन्ही हातांनी खात होती. लुगडं तेच, हिरवं. केसांत खडीची धूळ. तिला सावली पडत नव्हती हे मला दिसत होतं, आणि तरी मी म्हणालो, सोना, उन्हात का बसलीस, आत ये.

ती उठून आत आली, मला सोडून कुणाला दिसली नाही. शेवटच्या पंगतीत नवरीच्या आजीशेजारी बसली. मी हुग्गी वाढली, तूप घातलं. तिनं वर बघितलं नाही, मला ओळखलंही नाही. नुसती खात राहिली.

आजी पत्रावळीवरच कलंडली. उचलली तेव्हा गेलेली होती. लोक म्हणाले, नातीचं लग्न बघून गेली, पुण्यवान. मडिवाळप्पानं मला बाजूला ओढलं. एवढंच म्हणाला, “कुनाला बोलावलंसा?”

मी सांगितलं. त्यानं जाऊन मागचं दार लावलं.

१९ मार्च

आज पुन्हा लग्न होतं. मागचं दार बंद ठेवलं होतं. तरी सोना आत पंगतीत बसलेली. तिच्या शेजारी एक तरणी बाई, मांडीवर मूल. मी मध्ये बसायला धावलो, पण तोवर तिची मान—

मूल रडत होतं. पदर ओढत होतं.

सगळे त्या बाईभोवती जमले आणि मी सोनाजवळ गेलो. म्हणालो, तू मेलीस, सोना. आता जा. तेव्हा तिनं वर बघितलं. ओळखलं मला.

“लई भूक लागलीया,” म्हणाली. “तानी कुटं हाय?”

पुन्हा जा म्हणणार होतो. वाढलं.

८ एप्रिल

तानीचं लग्न गेल्या आठवड्यात ठरलं. मुलगा श्रीपूरच्या साखर कारखान्यात आहे, बाळासो. शांत आहे, तानीशी बोलताना लाजतो. आबासाहेबांनी आहेर म्हणून लग्नाला पागा फुकट दिली. मी म्हणालो, लग्न दुसरीकडं करू. का, विचारलं. सगळं सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, दमलाय तुम्ही, म्हणाले. पत्रिका वाटून झाल्यात. मुलाकडचे म्हणतात, आता जागा बदलली तर अपशकुन होईल.

मग तानीला सांगितलं. ती भिईल, नको म्हणेल असं वाटलं होतं. 

“आई येनार आसंल तर हितंच करायचं, अण्णा.”

हळदीच्या दिवशी

बायका हळद लावत होत्या. मी लांब उभा. तानीनं एकदम डोळे मिटून गाल पुढं केला, लहानपणी करायची तसा. पुढ्यात या खेपेला मलाही कुणी दिसलं नाही.

नंतर बघितलं. गालावर पिवळ्यात राखाडी बोटं उमटलेली. पुसली. जात नाहीत. पोरीचा हात गार.

आई हसली, म्हणते. उद्या शेजारी बसून जेव म्हणालीय.

अक्षय तृतीया

अक्षता पडल्या.

सोना शेवटच्या ओळीत बसलीय. शेजारची जागा पदरानं झाडून राखलीय.

तानी म्हणाली, आईजवळ दोन घास खाते, मग निघते. मी ओरडलो तिच्यावर. जन्मात कधी ओरडलो नव्हतो. चारचौघांत दंडाला धरून ओढली. आईजवळ बसू देत नाहीस, म्हणाली, तू कोण. मडिवाळप्पानं तिला सासरच्या जीपमध्ये बसवलं. तिनं माझ्या पाया पडायचंही नाकारलं. मान फिरवून गेली.

जीप वळली.

सोना उठतेय. दाराकडं, तिच्या मागं— मी त्या राखलेल्या जागेवर बसलोय. वही मांडीवर आहे.

ती कुटं गेली, विचारते. सासरी, म्हटलं. सुखात आहे. मी आलोय ना.

बराच वेळ उभी. मग बसली. माझ्याकडं बघतेय.

मडिवाळप्पा कमानीतून हाका मारतोय. त्याला हातानंच नको म्हटलं.

मला वाढते. आधी मला, मग स्वतःला. पहिल्यापासून असंच करायची—

बोटं गारठलीत. अक्षर नीट—

तानी, राग धरू नकोस. तुझी आई वाईट नाही. तिला कळत नाही एवढंच. मी ओरडलो ते तुला तिथून—