चिनी तासाचा आवाज

मी, मोक युक-वान, कै. चोय कम-तोंग यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लिमा, बारिओ चिनो ही चिनी वस्ती, चोय खानावळीचा वरचा मजला, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. ‘कोणाच्याही दडपणाखाली नाही’ असे लिहावेच लागते, असे नोटरीबाई म्हणतात. म्हणून तेही लिहिते.

१. वरच्या दोन खोल्या पतीच्या पश्चात माझ्या झाल्या. त्या मुलगा रोलांदो यास मिळाव्यात. खालची खानावळ थोरले दीर चोय कम-फाई यांची. आमचा जिना त्यांच्या गल्ल्यासमोरच उतरतो. रोलांदोने मागल्या बाजूने वेगळा जिना बांधावा, ही अट.

२. ‘चिनी तासा’च्या ध्वनिफिती माझ्या कपाटात आहेत. रेडिओवरचा रविवारचा तो तास दिरांनी विकत घेतलेला असे. बातम्या, बारशी, मयती, गावाकडून आलेले निरोप मी आपल्या भाषेत वाचत असे. किनाऱ्यावरच्या ऊसमळ्यांपर्यंत आपली माणसे ऐकत. मला मात्र रस्त्यावर पाव मागता येत नव्हता. स्पॅनिश शिकायचे म्हटले, तर दीर म्हणाले, “बाहेर जाऊन तुला कोणाशी बोलायचंय?” पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत. पती म्हणत, “दादांचं मन राखू. पुढल्या वर्षी बघू.”

एकदा वाचायच्या निरोपांत माझ्याच आईचा निघाला. ती अंथरुणाला खिळली होती. मी पासपोर्ट मागितला. दीर शांतपणे म्हणाले, “तू गेलीस तर तास कोण वाचणार?”

त्या रविवारी सोया सॉसच्या जाहिरातीनंतर मी वाचले, “हा निरोप माझा आहे. माझी आई आजारी आहे. माझा पासपोर्ट दिरांच्या तिजोरीत आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी या.”

दुसऱ्या दिवशी खानावळ भरली. लोक जेवले आणि जिन्याकडे बघून निघून गेले. एक व्यापारी दिरांना म्हणाला, “रडवेला झाला की बाईंचा आवाज अजून गोड लागतो हो.” पुढल्या रविवारपासून तास आधी फितीवर घेऊ लागले, दीर ऐकत, मगच ती रेडिओवर जाई. आईच्या मृत्यूची बातमी मी इतर मयतींबरोबर ओळीने वाचली. त्यानंतर दिरांनी पासपोर्ट आपणहून दिला. तेव्हा जायला कोणी उरले नव्हते.

आता या फिती फोनवरच्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर टाकाव्यात, असे रोलांदोला वाटते. तो एक रविवार कोणत्याच फितीवर नाही. तेव्हा या सगळ्या जाळाव्यात.

३. माझी जेडची बांगडी, आणि कायद्याने मुलाबाहेर जेवढे देता येते तेवढे सर्व, एउलालिया वामान हिला. ती खाली भाज्या चिरायची. त्या सोमवारी एकटी तीच वर आली. पुढे बटाटे सोलता सोलता तिने मला स्पॅनिश शिकवली, तेव्हा मी विचारले, त्या दिवशी वर का आली होतीस? म्हणाली, “तुमच्या भाषेतलं मला कुठं कळलं होतं? पण खाली सगळे मान खाली घालून जेवत होते गं.”

४. दिरांची नजर गेली आहे. त्यांची मुले मायामीला असतात. रोज सकाळी फोनवरच्या बातम्या त्यांना मी वाचून दाखवते. वेळ झाली की ते खालून काठी आपटतात, आणि मी उतरते. हे काम मी कोणाच्याही नावे करत नाही.

वरील मजकूर साक्षीदारांदेखत वाचून सही केली.

मोक युक-वान

साक्षीदार: १. तेओफिलो लोक, शिंपी
२. मार्सेला ताय, दंतवैद्य

लिमा, ९ जून २०१७