जोडीचं तिकीट

चि. सुकन्या,

जास्त खत विकणाऱ्या दुकानदारांना कंपनीनं यंदा जहाजाची सहल दिली, जोडीनं. तुझी अव्वा गेली त्याला वर्ष झालं, म्हणून मी एकटाच आलो. उदगीरच्या दुकानाला चार दिवस कुलूप हाय.

आज सकाळी होडीत बसवून लक्षद्वीपच्या एका बेटावर उतरवलं. पाणी असं नितळ, की गुडघाभर पाण्यात पायाची नखं दिसत होती. कंपनीवाल्यांनी जोड्यांचे खेळ घेतले. मी नारळाखाली बसून सगळ्यांच्या चपला राखल्या. जळगावकडच्या एका बाईनं विचारलं, "भाऊ, वहिनी नाही आल्या?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दुकानावर बसलीय." लई मायाळू बाई. परतताना वेचलेले शिंपले माझ्या रुमालात बांधून म्हणाली, "वहिनींना द्या."

दुसऱ्या तिकिटावर मी आधी तुझं नाव लिहिलं होतं, मग खोडलं. तू आपल्या मनानं लग्न केलंस तेव्हा 'मला लेक न्हाई' असं चार माणसांत बोलून बसलो होतो. ते बोलणं अजून गिळता येईना.

शिंपले तुझ्या लेकीला पाठवावे वाटायलंय. पण आधीच्या पत्रांसारखं हेही दुकानाच्या गल्ल्यातच पडून राहील. रुमालावर तिचं नाव लिहायला पेन काढला, तेव्हा ध्यानात आलं. बारशाची पत्रिका मी न उघडताच परत पाठवली होती.

तिला काय म्हणून हाक मारता गं?

तुझा,
अप्पा