थ्रेटनिंग की आणखी काही

३ नोव्हेंबर
अवधपुरीतलं घर छान आहे. स्वयंपाकघरात भरपूर उजेड, म्हणून बायको, कमलिनी, खूश. मी तिच्याहून खूश. डिक्शनरीशी झटून एकट्याने शिकलेल्या इंग्रजीवर या वयात नोकरी मिळाली, तीही भोपाळात, घरबसल्या! हिंदी गाणी ऐकायची आणि त्यांतला आक्षेपार्ह मजकूर नेमका कसला, ते एका इंग्रजी शब्दात लिहायचं. व्हल्गर म्हणजे नुसतं असभ्य, ऑब्सीन म्हणजे अश्लील. लोक सर्रास घोळ करतात. कमलिनीला फरक समजावला. "शिवी ती शिवीच की हो," म्हणाली. तिला इंग्रजीचा गंध नाही.

६ नोव्हेंबर
आजचं गाणं एका नवऱ्याची टर उडवणारं. तो न्हाणीघरात तांब्या माइकसारखा धरून आरशाशी इंग्रजीत बोलतो. मी 'मॉकिंग' लिहिलं आणि हात थांबला. तसं मी करतो. कमलिनीशिवाय कुणालाच ठाऊक नाही. गायकाच्या नावाची जागा कोरी. आमचे साहेब परीक्षित यांना फोन केला. काका, ऐसे गाने रोज आते हैं, म्हणाले, लेबल टाका न् पुढे चला.

९ नोव्हेंबर
पुन्हा तोच नवरा. या खेपेला तो इंटरव्ह्यूतून रडत परतलेला. 'ह्युमिलिएटिंग'. हेडफोन काढला, तर कमलिनी पोळी लाटताना पुढची ओळ गुणगुणत होती. गाणं फक्त माझ्या कानात होतं. विचारलं, तर म्हणाली, कुठलं गाणं? मीही एका इंटरव्ह्यूतून असाच परतलो, त्या दिवशी तिच्याच मांडीवर रडलो होतो. आणि तिने ते कुणाला —

१० नोव्हेंबर
आज गाण्यात तो खुर्चीत बसलेला. आधी दाराला कडी. मग मागून जायचं. हेडफोनची वायर त्याच्याच गळ्याभोवती. 'थ्रेटनिंग' लिहिलं, खोडलं. धमकीत 'नाहीतर' असावं लागतं. इथे नाही. नुसतं आधी हे, मग ते. शब्द सापडत नाही. साहेब फोन उचलत नाहीत —

११ नोव्हेंबर
कडी लावल्याचा आवाज. कमलिनी मागे उभी आहे. स्क्रीन वाचतेय — वाचतेय?

"थ्रेटनिंग नव्हे हो." उच्चार माझ्याहून स्वच्छ. "इन्स्ट्रक्शन्स म्हणतात त्याला."

कधी शिकली — कुणाकडून — मला एका शब्दाने —

वायर ताणली जातेय. शब्द अचूक आहे. मला कसा नाही सुच