माझ्या मरणावर मंजूर झालेली रजा

तुमसर, १६ ऑक्टोबर १९८०

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. मी वारल्याचे मला या वेळी कळले.

चि. मधुकर यास आशीर्वाद. (ठाणेदार झालास तरी माझा धाकटा मामेभाऊच.) तुझ्या मंदाबाईची कंबर कशी आहे? माझी प्रकृती उत्तम आहे, आणि हे मी केवळ रीत म्हणून लिहीत नाही.

दार मीच उघडले. तुझा हवालदार जागेश्वर झेंडूचा हार घेऊन उभा. "बाई, मयत कुठी हाय?" मी म्हटले, तुमच्यासमोर. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि विचारले, "मंग हा हार कोनाले घालू?" त्याला चहा दिला, तेव्हा उलगडा झाला. माझा पुतण्या टेकचंद, तुझ्याच ठाण्यातला शिपाई, 'काकू वारली' म्हणून रजेवर गेला होता. (सख्ख्या आतेबहिणीच्या मयतीला तू हवालदार पाठवलास, दुर्गेच्या बंदोबस्ताचे कारण सांगून. हे मी वेगळे लक्षात ठेवले आहे.)

टेकचंदचा कान पिळायचे मी ठरवलेच होते. पण जागेश्वर म्हणाला, पोराने आधी खरेच लिहिले होते. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून त्याची बायको पुष्पा लाखांदूरला गेलेली. पण तिला ना आई, ना बहीण. वडील वासुदेवराव आहेत, ते 'कळा' हा शब्द ऐकताच धानाच्या बांधीकडे निघून जातात. तू तो अर्ज हजेरीत मोठ्याने वाचायला लावलास आणि विचारलेस, "कळा बायकोले, अन् रजा तुले कायले?" सगळे ठाणे हसले. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर खोटे बोलणाऱ्या मुलीला गुडघ्यांवर उभे करीत. तुझ्याकडे ती शिक्षा खरे बोलणाऱ्याला आहे.

"खरं लिवलं का रजा भेटत नाही, बाई," जागेश्वर बशी पुसत म्हणाला. "मी माह्या सासूले दोनदा मारलं. दोन पोट्टे हायेत मले." (सासू ठणठणीत आहे, यंदाही धानाच्या रोवणीला होती.) म्हणजे पोलीस लाइनीत जितकी पोरे खेळतात, तितके नातेवाईक तुझ्या ठाण्याने स्वर्गात धाडले आहेत. इतके बळी एखाद्या दरोडेखोराने घेतले असते तर तू त्याला पकडले असतेस.

तुझी (अजून हयात) ताई,
गोदावरी

ता. क. लाखांदूरहून निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. टेकचंद पाणी तापवतो, दुपटी स्वतः धुतो. मोहल्ल्यातल्या बाया बाळ पाहायला येतात आणि त्यालाच पाहत बसतात. मुलीला माझे नाव द्यायचे म्हणतो, गेलेल्या माणसाचे नाव ठेवायची आपल्यात पद्धतच आहे. मी हरकत घेतली नाही.

ता. क. दुसरा, आणि पत्र यासाठीच. टेकचंदची रजा महिनाअखेरपर्यंत वाढव. कारणाच्या जागी 'पत्नी बाळंतीण' असे तुझ्या अक्षरात लिही. लेखी उत्तर सोमवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावे. नाहीतर मी माझ्या तेरवीचे बोलावणे मंदाबाईला पाठवीन. ती आली की शेजारी बसवून एवढेच विचारीन, 'तुझ्या तीन बाळंतपणांत कोमट पाण्याचा पेला तुझ्या हातात कोणी दिला?' त्यानंतर तुझ्या घरातल्या बंदोबस्ताचे तू पाहा.