पंप माळ्यावर टाकू नका

आई,

दूध काढायचा पंप माळ्यावरून मीच खाली काढलाय. माझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून तुम्ही वर टाकलात, कळतं मला. पण सोन्या गेला तरी दूध थांबत नाही. ते मी दवाखान्यातल्या दूधपेढीला देतेय, तिथल्या इवल्या जिवांना लागतं. आत्ता कालपर्यंतचं पोचवायला गेलेय.

ओट्यावरचे सुटे भाग साबणाने धुऊन पाच मिनिटं उकळा आणि जाळीवर तसेच वाळू द्या. फडक्याने पुसलेत तर सगळी मेहनत पाण्यात. ह्यांनाही सांगून ठेवा.

फ्रिजमधल्या आजच्या बाटलीवर तारखेखाली 'दिवस एकोणीस' लिहिलंय; बाळंतपणाला किती दिवस झाले ते पेढीला लागतं. कालच्यासारखं ते खरवडून काढू नका. सोन्या अकराव्या दिवशी गेला, हे मी विसरलेले नाही.